कोल्हापूरहून निघालेले एक पत्र

परदेशी विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज करताना एक निवेदन जोडावे लागते. स्टेटमेंट ऑफ पर्पज. विद्यार्थी त्याला नुसते ‘एसओपी’ म्हणतात. गेली काही वर्षे कोल्हापुरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या मुलामुलींची अशी निवेदने माझ्याकडे वाचायला येतात. मी शिकवतो मराठी आणि निवेदन असते इंग्रजीत. तरी ‘सर, एकदा नजर टाका’ म्हणून येतातच. मुलगा शाहूवाडीचा असो, मुलगी गडहिंग्लजची असो की राजारामपुरीतली, त्या पानभर मजकुरात एक वाक्य हमखास भेटते: मला माझ्या कम्फर्ट झोनच्या बाहेर पडायचे आहे.

हा शब्द आता मराठीत पुरता रुळला आहे. व्याख्यानात येतो, लग्नाच्या बायोडेटात येतो, दहावीच्या निरोप समारंभात तर येतोच येतो. त्यामागचे चित्र असे की, माणूस आपल्या घरी, आपल्या गावी सुखात बसलेला असतो. बाहेर जाण्याची त्याला भीती वाटते. ती भीती जिंकली की तो मोठा होतो. चित्र सोपे आहे म्हणून लोकप्रिय आहे. पण परदेशी शिक्षणाची मराठीतली सर्वांत गाजलेली कथा या चित्राशी ताडून पाहिली, तर ते टिकते का? ही कथा डॉ. आनंदीबाई जोशी यांची. तिची सुरुवात कोल्हापुरात झाली आणि शेवटही कोल्हापुरातच व्हायचा होता. आनंदीबाईंवर मराठीत भरपूर लिहिले गेले, पण या दोन टोकांकडे आपण फारसे रेंगाळून पाहिलेले नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी पहिले टोक. गोपाळराव जोशी टपाल खात्यात कारकून होते. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्यांच्या मागे त्यांचा संसार फिरला. कोल्हापुरात ते १८७८च्या सुमारास होते. आनंदीबाईंचा जन्म १८६५चा, म्हणजे त्या तेव्हा तेरा वर्षांच्या. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे ठाणे होते. ते उभे करणारे रेव्हरंड रॉयल वाइल्डर तोवर अमेरिकेला परतून प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचे मासिक काढू लागले होते. शहरातले वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे. गोपाळरावांनी इथल्या ओळखीतून पत्र धाडले: पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे, मला तिथे काही नोकरी मिळेल का? वाइल्डरसाहेबांनी ते मासिकात छापले आणि वर शेराही मारला. त्याचा मथितार्थ इतकाच की, आधी ख्रिस्ताचा स्वीकार करा, मग पाहू. मदत नाही ती नाहीच. पण १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांनी तो जुना अंक चाळला आणि त्या तेरा वर्षांच्या मुलीच्या नावाने पत्र लिहिले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

ही हकिगत बहुतेक सगळ्यांनी सांगितली आहे, आणि सांगताना दातांच्या डॉक्टरकडच्या योगायोगावर भर दिला आहे. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘आनंदीबाई घराबाहेर पडल्या’ याचा पहिला लेखी पुरावा आनंदीबाईंच्या हातचा नाही. पत्र नवऱ्याचे, त्यावरचा शेरा मिशनऱ्याचा. जिच्याविषयी सगळे चालले आहे तिला त्यात बोलायला जागा नाही. मग कम्फर्ट झोन कोणाचा आणि बाहेर पडण्याचा निर्णय कोणाचा? मराठी चरित्रलेखनाने या प्रश्नाला ‘गोपाळरावांचा ध्यास’ असे एक सोयीस्कर उत्तर शोधून ठेवले आहे. त्या ध्यासाकडे पुढे वळायचेच आहे.

आनंदीबाईंचा स्वतःचा आवाज जाहीरपणे ऐकू येतो तो २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात. (आपल्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे, कलकत्त्याजवळचे.) अठरावे वर्षही पुरे न झालेल्या या बाईंनी तिथे इंग्रजीतून भाषण केले. लोक जे प्रश्न विचारत होते ते एकेक करून घेतले: अमेरिकेलाच का, इथे सोय नाही का, एकटीच का, जातीबाहेर टाकले तर काय, काही बरेवाईट झाले तर काय, आणि जे कोणा बाईने केले नाही ते तूच का करावेस. भाषण नीट वाचले तर ध्यानात येते की, त्यात घराच्या सुखाचा उल्लेख जवळजवळ नाही. उलट, शिकू पाहणाऱ्या, नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणाऱ्या बाईला येता-जाता किती टोमणे खावे लागतात, लोक कसे थांबून पाहतात, हे त्यात येते. घराबाहेरचा रस्ता तिला सुखाचा नव्हता आणि घरही नव्हते. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले होते. बाळंतपणात आणि आजारपणात बायकांना बाई डॉक्टर मिळत नाही याचा अर्थ तिला कोणी पुस्तकातून समजावून द्यायला नको होता.

याच भाषणात त्यांनी बजावून सांगितले की, मी हिंदू म्हणून जाते आहे, हिंदू म्हणून परत येईन आणि हिंदू म्हणूनच राहीन. आजचा वाचक इथे थोडा चुळबुळतो. बाहेर पडायचे आणि आपले काहीच सोडायचे नाही, हे काय बाहेर पडणे झाले? कॅरोलिन डॉल यांनी १८८८ साली बॉस्टनला आनंदीबाईंचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यांचे आनंदीबाईंवर प्रेम होते. पण अशा जागी त्यांच्याही लेखणीत एक हळहळ डोकावते, की ही गुणी मुलगी आपल्याकडे पुरती आली असती तर किती बरे! मराठी वाचकाने याच जागी उलट बाजूने मान डोलावली: पाहा, गेली पण बाटली नाही. दोन्ही वाचनांत आनंदीबाई कोणाच्या तरी कुंपणाच्या आत आल्या की नाही एवढेच मोजले जाते. मला तो निश्चय व्यवहारी वाटतो. तिला परत येऊन ज्या बायकांना तपासायचे होते, त्या बायकांनी तिला आपल्या माजघरात येऊ द्यायला हवे होते. बाटलेल्या डॉक्टरणीला माजघर उघडले नसते. म्हणजे लुगडे, शाकाहार, कुंकू ही तिच्या कामाची हत्यारे होती, स्टेथोस्कोपाइतकीच.

आणि तिने काहीच बदलले नाही असेही नाही. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, तिकडे ते चालत नाही आणि थंडीतही निभत नाही, म्हणून तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. एवढ्या बदलावरही गोपाळरावांची नाराजी पत्रातून अमेरिकेला पोचली.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे त्यांनी केलेला अर्ज उपलब्ध आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी तो आवर्जून वाचायला देतो, कारण १८८३ची एसओपीच आहे ती. आपली पूर्वतयारी कॉलेजच्या अपेक्षेइतकी नसेल, हे त्या लपवत नाहीत. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून इथवर आणणारा निश्चय पुढेही उपयोगी पडावा, असे म्हणतात. आणि मग थेट कामाचे बोलतात: माझ्या देशातल्या बायका पुरुष वैद्याकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचे आहे. संपूर्ण अर्जात ‘मी घडेन’, ‘मी बदलेन’, ‘मला अनुभव मिळेल’ असे काही नाही. आजच्या निवेदनांत ‘मी’ हा विद्यार्थी असतो आणि प्रकल्पही तोच असतो. आनंदीबाईंच्या अर्जात प्रकल्प दुसऱ्या कोणाचा तरी आहे. कॉलेजने त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली.

फिलाडेल्फियातले दिवस कसे होते? इथे सगळी पुस्तके थोडी घाईने पुढे सरकतात, कारण नाट्य कमी आणि कटकट जास्त. राहायच्या खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवावी तर थंडी. शाकाहाराची पंचाईत. अभ्यास आणि स्वयंपाक एकाच जिवावर. भेटायला येणाऱ्या भल्या माणसांचे धर्मांतराचे गोड आग्रह. परदेशात शिकण्यातली गैरसोय ही बहुतेक वेळा अशीच असते: धैर्याची परीक्षा वगैरे काही नाही, शेगडी नीट नसते. प्रकृती तिथेच ढासळत गेली. ‘कम्फर्ट झोन’ या शब्दावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे की, तो सगळी अडचण माणसाच्या मनात नेऊन ठेवतो. खोलीचे भाडे, हिवाळ्याचा कोट, पोटाला मानवणारे अन्न, घरून येणारे पत्र या गोष्टी मग हिशेबातून निघून जातात आणि जो आजारी पडतो, परततो किंवा खचतो, त्याचे मनच कच्चे ठरते. बँकेचे कर्ज काढून गेलेल्या आणि पहिल्या हिवाळ्यात घरी फोन करायचे टाळणाऱ्या मुलांशी मी बोललो आहे. त्यांना भीती जिंकण्याचे व्याख्यान नको असते. त्यांना परवडणारी खोली हवी असते.

गैरसोयींच्या या यादीत एक गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते आनंदीबाईंच्या सगळ्या कागदपत्रांतली ती सर्वांत मोलाची आहे. चरित्रांतून छापून आलेल्या पत्रांत अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेले एक पत्र आहे. गोपाळरावांची पत्रे बोचरी असत. संशय, टोमणे, उपदेश. त्यांना उत्तर देताना आनंदीबाई लिहितात की, तुमचे माझ्याशी वागणे चांगले होते की वाईट, हे ठरवणे कठीण आहे. आणि मग वयाच्या हिशेबाने मांडतात: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, पुढे खुर्च्या आणि पुस्तके अंगावर फेकणे, बाराव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी निराळ्या शिक्षा. स्वर शांत आहे. आरोपपत्र म्हणावे तर पत्नीधर्माची भाषाही त्यातच आहे. क्षमा म्हणावी तर एकही फटका गाळलेला नाही.

हे पत्र अलिबागेत लिहिता आले नसते, कोल्हापुरात नाही, श्रीरामपुरात तर नाहीच. त्याला मधे समुद्र लागला. परदेशी शिक्षणाने या बाईला काय दिले, याचे माझे उत्तर पदवीच्या आधी इथे येऊन थांबते. घरात जे सोसले ते ‘सोसणे’ आहे असे नाव देण्यापुरते अंतर तिला मिळाले. धीट ती आधीपासूनच होती.

आता या पत्राचे मराठी लेखकांनी काय केले ते पाहावे. काशीबाई कानिटकरांनी ‘कै. सौ. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र व पत्रे’ लिहिले तेव्हा गोपाळराव त्यांच्या परिचयाचे होते आणि काळही जवळचा होता. तरी पत्रे वाचकासमोर ठेवण्याची त्यांची हिंमत मोठी. एक लिहिणारी बाई दुसऱ्या बाईचे कागद सांभाळते आहे, हे त्या पुस्तकात जाणवत राहते. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ची. माझ्या पिढीला आनंदीबाई भेटल्या त्या याच पुस्तकातून आणि पुढे त्यावर झालेल्या नाटकातून. जोशींनी गोपाळराव इतक्या ताकदीने उभे केले की, वाचकाला त्या विक्षिप्त, तापट, हट्टी माणसाचे वेडच आवडू लागते. मग मारही त्या वेडाचा भाग होऊन जातो: मारले, पण शिकवण्यासाठी! कादंबरी म्हणून हे यश आहे. पण त्या यशाची किंमत म्हणजे आनंदीबाईंचे ‘ठरवणे कठीण आहे’ हे वाक्य वाचकाच्या मनात ठरून जाते. २०१९चा समीर विद्वांस यांचा चित्रपट देखणा आहे, गोपाळरावांचा कडकपणा त्यानेही लपवलेला नाही. पण त्याचा ओढा प्रेमकथेकडे आहे आणि प्रेमकथेत अंतर हे विरहाचे असते, विचाराचे नसते. अंजली कीर्तने यांचे १९९७चे ‘डॉ. आनंदीबाई जोशी: काळ आणि कर्तृत्व’ हे या सगळ्यांत मला भरवशाचे वाटते. कागद पाहून, तारखा लावून लिहिलेले ते पुस्तक आहे आणि त्यात आनंदीबाई कोणाची निर्मिती म्हणून येत नाहीत. मीरा कोसंबी यांनी इंग्रजीतून याच दिशेने काम केले. तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली आनंदीबाईंची स्त्रीवादी प्रतिमा जुळवण्याचा त्यांचा प्रयत्न मराठी वाचकाने मुद्दाम पाहावा.

कोल्हापूरशी बांधलेले, याहून जुने एक पुस्तक इथे आठवते. आनंदीबाईंच्या आधी तेरा वर्षे, १८७० साली, इथले तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला गेले. बरोबर लवाजमा होता, घरची माणसे होती, सोवळ्याओवळ्याची व्यवस्था होती. वय अवघे वीस. परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर दहन झाले. तिथली छत्री आणि पुतळा आजही आहे. त्यांची इंग्रजी रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ साली लंडनला प्रसिद्ध केली. कुठे गेलो, कोणाला भेटलो, काय पाहिले, यांची ती नोंद आहे. संपादक गोरा अधिकारी, वाचक इंग्रज. त्या पानांवर मन मोकळे व्हायला वाव थोडाच. घरचे सगळे बरोबर नेलेला राजा आणि काहीच न नेता आलेली कारकुनाची बायको, दोघेही प्रवासाने खचले. पण हुकमाशिवाय, आपल्या मनचे लिहून ठेवले ते दुसरीने.

आता दुसरे टोक. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. मिळाली. पंडिता रमाबाई समारंभाला मुद्दाम गेल्या होत्या. प्रबंधाचा विषय हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून नेमले. भाऊसिंगजी रोडवरचे आजचे सीपीआर ते हेच. म्हणजे ज्या गावातून ते पत्र निघाले, त्याच गावाने आठ वर्षांनी जागा तयार ठेवली. आनंदीबाईंनी ती स्वीकारली. १८८६च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बावीस पूर्ण व्हायच्या आत. कोल्हापूरच्या त्या दवाखान्यात त्यांनी एक दिवसही काम केले नाही. इथे दरवर्षी होणाऱ्या भाषणांत ‘आपल्या कोल्हापूरच्या डॉक्टर’ असा त्यांचा उल्लेख होतो तेव्हा हे हळूच गाळले जाते.

त्यांच्या अस्थी मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथल्या त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. तिथल्या दगडावर त्यांची नोंद आहे ती शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री म्हणून. जात लिहिली आहे, जाणे लिहिले आहे. ज्या कामासाठी त्या गेल्या ते लिहिलेले नाही, आणि लिहिणार तरी काय, ते व्हायचेच होते. पण आपल्या कादंबऱ्या, नाटके, मालिका, चित्रपट यांचेही थोडेफार असेच झाले आहे. बोट सुटली की टाळ्या पडतात, पदवी मिळाली की पडदा पडतो. परतून दवाखान्यात बसणे, रोज शंभर अडचणींत तीच ती कामे करणे, हा भाग रंगभूमीला नको असतो.

तो भाग कोल्हापुरात पुढे घडला. शाहू महाराजांनी संस्थानातल्या स्त्रीशिक्षणाची धुरा रखमाबाई केळवकर यांच्याकडे दिली आणि त्यांची मुलगी कृष्णाबाई हिला वैद्यकीय शिक्षणासाठी संस्थानाची मदत देऊन विलायतेलाही पाठवले. कृष्णाबाई शिकल्या, परतल्या आणि आनंदीबाईंची वाट पाहत राहिलेल्या त्याच अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. त्यांच्या मागे ध्यास घेतलेला नवरा नव्हता. आई होती आणि दरबारचा खर्चाचा हुकूम होता. एका तऱ्हेने ही कथा कमी नाट्यपूर्ण आहे, आणि मला वाटते तिचे मोल त्यातच आहे. आज महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची परदेश शिष्यवृत्ती राजर्षी शाहूंच्या नावाने आहे. शिकवणी शुल्क, निर्वाह, जाण्या-येण्याचे तिकीट असल्या रुक्ष बाबींची ती योजना. तिच्यात जाण्याबरोबर येण्याचेही तिकीट धरलेले आहे, हे मी मुलांना दाखवतो.

आनंदीबाईंच्या वाट्याला मराठीत कादंबरी, नाटक, चित्रपट आणि दोन मोठी चरित्रे आली. कृष्णाबाईंच्या वाट्याला शाहूचरित्रांतले काही परिच्छेद आणि कोशांतल्या नोंदी. परदेशी शिकून आलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे लिहिण्याची गरज मराठीला अजून नीट वाटलेली दिसत नाही. सीपीआरच्या प्रसूती विभागाबाहेर आजही शिरोळ-कागलकडच्या बायका नंबर लावून बसलेल्या असतात, आत बाई डॉक्टर आहे ना, एवढे विचारून घेतात, आणि आहे म्हटल्यावर निवांत होऊन पिशवीतला डबा उघडतात.